अण्णांचा चौदा इंची डबा

"आता कॉम्प्युटर ऱ्हायलेत कुठं, बाई? आता नुसती भाड्याची खोली ऱ्हायलीय. तुम्ही झोपलासा की मालक येऊन सामान हलवून जातोय."

परशरामअण्णांच्या तोंडून हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की वर्गात वाक्य-पृथक्करणाला उदाहरण सुचलं नाही की हेच ओठांवर यायचं. मालक म्हणजे कंपन्या आणि सामान हलवणं म्हणजे अपडेट. मी हसायचे. बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमधले सगळेच हसायचे. अण्णांची कुरकुर म्हणजे आमचा सकाळचा रेडिओ होता. चालू असायचा, ऐकत कुणी नसायचं. त्या कुरकुरीत ते आम्हाला काय सांगत होते हे कळलं तेव्हा मी हादरले, आणि खरं सांगायचं तर त्यातून अजून पुरती सावरलेली नाही.

अण्णा मूळचे बेळगावजवळच्या कडोलीचे. घरची शेती थोरल्या भावानं, म्हणजे भरमाण्णांनी बघायची आणि धाकट्यानं बेळगावात नोकरी करायची असं घरात ठरलेलं होतं. धाकट्यानं नोकरी केलीच नाही. दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एक गाळा घेतला आणि त्यात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. गावात लोक विचारायचे, परशराम बेळगावात काय विकतोय? त्यावर भरमाण्णा सांगायचे, "काय विकत न्हाय. लोकांच्या पोरांस्नी खेळवतोय." हे सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते अण्णा करून दाखवायचे, आणि मग स्वतःच खूप वेळ हसायचे.

माझी त्यांची ओळख झाली ती मी भांडायला गेले म्हणून. मी निपाणीची, मराठी शाळेत नुकतीच लागलेली, डोक्यात शिस्तीचं भूत. हेडमास्तरांनी सांगितलं, आपली पोरं तास बुडवून त्या गेमच्या दुकानात बसतात, जरा बघून या. मी तावातावानं निघाले. दुकानाच्या दारावर मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी होती, 'युनिफॉर्मवर खेळ मिळणार नाही.' पाटीखाली एक उंच, सडपातळ माणूस स्टुलावर बसला होता.

"पोरं न्हाईत, बाई," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. "पण तुमच्या शाळंचे पी.टी.चे सर हाईत आत. न्हेतासा काय?"

आत खरंच आमचे पी.टी.चे सर बसले होते. जिभेचं टोक बाहेर काढून मोटार पळवत होते. मी इतकी चकित झाले की आले होते कशाला तेच विसरले. सर मला बघून जे उठले ते मागच्या दारानं गेले, आणि त्यांची मोटार पडद्यावर तशीच भिंतीला धडकत राहिली. अण्णांनी ती शांतपणे बंद केली, दुसरी कॅसेट काढली, तिच्यात दोन फुंकरा मारल्या आणि मला म्हणाले, "आलायसा तर बसा की. चहा येईस्तवर एक डाव खेळा."

त्या कॅसेटवर नाव होतं ते चिनी की जपानी अक्षरांत, त्यामुळे पोरांनी त्या खेळाचं बारसं केलं होतं 'छत्रीवाला'. एक बुटबैंगण माणूस छत्री उघडून या कौलावरून त्या कौलावर उड्या मारत जातो. मधेच कावळे येतात. शेवटी इंद्रधनुष्य लागतं, त्याच्यावरून चालत गेला की तो छत्री मिटतो आणि खेळ संपतो. मी पहिल्याच फटीत पडले. मग पुन्हा पडले.

"तुम्ही बघून उडी मारतासा," अण्णा म्हणाले. "ऐकून मारा. कावळा यायच्या आधी टुक वाजतंय. ते वाजलं की मनात 'राम' म्हणायचं आणि उडायचं. डोळं लई फसवत्यात, बाई. कान न्हाय फसवत."

हे वाक्य मी त्या वेळी एक गंमत म्हणून घरी येऊन सांगितलं होतं.

छत्रीवाला दिसायचा त्या चौदा इंची रंगीत टीव्हीला अण्णा डबा म्हणायचे. दुकानात दुसरेही टीव्ही होते, पण डबा त्यांचा लाडका. तो सुरू केला की काचेवर चर्र असा बारीक आवाज यायचा. अण्णा हाताची मागची बाजू काचेजवळ न्यायचे. हातावरची लव उभी राहायची. मग म्हणायचे, "जिवंत हाय." डबा सुरू केला आणि हे म्हटलं नाही असं कधी झालं नाही. शांताआक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "माझी नाडी कधी बघितली न्हाय ह्यांनी, डब्याची रोज बघत्यात."

काळ पुढं गेला. गेमचं दुकान जाऊन तिथं सायबर कॅफे आला, मग मोबाईलनं कॅफेही खाल्ला. शांताआक्का गेल्या. मुलगा महेश, माझ्याच हाताखाली शिकलेला, इंजिनिअर होऊन बेंगळुरूला गेला. अण्णांनी गाळा सोडला आणि दुकानातलं होतं नव्हतं ते आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत आणून मांडलं. मी वरच्या मजल्यावर. येता-जाता त्यांच्या दारात पाय अडखळायचाच.

ती खोली मी डोळे मिटून सांगू शकते. दारातून आत गेलं की उजव्या हाताला खिळ्यावर किल्ली. चार पावलांवर टेबल. टेबलावर मधोमध डबा, डावीकडे कॅसेटी, उजवीकडे एक जुना कॉम्प्युटर. खुर्ची टेबलाला भिडवलेली. ती जरा कुणी सरकवली की अण्णा भडकायचे. एकदा गॅसवाल्यानं सिलेंडर आणताना खुर्ची बाजूला केली. अण्णा तिच्यावर आदळले आणि त्या बिचाऱ्याला त्यांनी मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांतून झापलं. आम्ही म्हणायचो, आक्का गेल्यापासून अण्णा फार चिडके झालेत, एकटा माणूस असाच होतो.

आणि कुरकुर तर वाढतच चालली होती.

"एवढा मोठा टीव्ही कशाला पाहिजे?" हे महेशवर. त्यानं पहिल्या बोनसमधून बापासाठी भिंतभर टीव्ही आणला होता. अण्णांनी तो सोसायटीच्या हॉलला देऊन टाकला. "माणूस एका वेळी येवढंच बघतोय," म्हणत त्यांनी मूठ वळून दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली. "बाकीचं भिंतीला दाखवायचं काय?" महेश जाताना माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, मी आणलेलं काहीच अण्णांना आवडत नाही."

"हे नवीन गेम बनवणारे वीजबिल भरत न्हाईत काय? समदा अंधार. राक्षस पण काळा, भिंत पण काळी."

"अक्षरं बघा. राखाडीवर राखाडी. शाई महाग झाली काय? आमच्या येळला काळ्या पडद्यावर ठसठशीत पिवळं अक्षर. लांबनं वाचा."

माऊसवर तर त्यांचा दातच होता. "त्या उंदराच्या मागं कोण पळणार?" म्हणून त्यांनी तो पोत्यात टाकून दिला आणि सगळं काम कीबोर्डवर करू लागले. फार झरझर करायचे. आमच्या शाळेचे ऑनलाइन मार्क भरताना माझा लॅपटॉप अडून बसला की मी तो उचलून खाली न्यायचे. अण्णा कीबोर्ड मांडीवर घ्यायचे आणि मला हुकूम सोडायचे. "काय लिवलंय ते वाचा बघू. मोठ्यानं. तुम्ही मराठीच्या बाई, इंग्लिश वाचन सुधारंल तेवढंच." मी वाचायचे, ते बटणं दाबायचे, काम व्हायचं. एकदा त्या वेबसाइटनं चौकोनातली सिग्नलची चित्रं ओळखायला सांगितली. अण्णांनी कीबोर्ड बाजूला ठेवला.

"मी माणूस हाय हे मी मशीनला कशाला पटवून द्यायचं?" ते म्हणाले. "तुम्हीच पटवा."

मी चित्रं ओळखली. किती हसलो होतो आम्ही त्या दिवशी.

खेळताना तर ते डब्याकडे बघायचेही नाहीत. माझ्याकडे तोंड करून कंपन्यांच्या नावानं बोटं मोडत असायचे आणि हात आपले छत्रीवाल्याला उडवत असायचे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, तोंडानं शेजारणीशी गप्पा, डोळे रस्त्यावर, आणि बोटं पान कापतायत, तंबाखू भरतायत, दोरा बांधतायत. न बघता चालणारे हात बघतच मी मोठी झाले. त्यामुळे दुसऱ्या कुणाला कदाचित खटकलं असतं ते मला खटकलंच नाही.

कडोलीत एक प्रकार घडला तोही तसाच नजरेआड झाला. गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. मी दरवर्षी जाते. त्या वर्षी अण्णाही माझ्याबरोबर आले. बसमधून उतरताना माझा खांदा धरला, म्हणाले, गुडघा धरलाय. मंडपाच्या दारात भरमाण्णा पाहुण्यांना गुलाबाचं फूल देत उभे होते. धाकटा भाऊ गावात आला म्हणून त्यांनी हसत फूल पुढं केलं. अण्णा त्यांच्या बाजूनं सरळ निघून गेले. फूल हातात तसंच राहिलं. चारचौघांनी बघितलं. भरमाण्णांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "शहराचं वारं लागलं." त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं. मी अण्णांना छेडलं, तर ते म्हणाले, "त्यानं हाक मारायला पाहिजे हुती." मला वाटलं, मान-अपमान. दोघांनाही मनातल्या मनात नावं ठेवून मी मोकळी झाले.

हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं होतं, आणि तो धागा माझ्या हातात यायला गेल्या वर्षीचा गणपती उजाडावा लागला.

बिल्डिंगच्या गणपतीत मुलांसाठी चित्रकला, बुद्धिबळ असं काहीबाही असतं. त्या वर्षी मुलांनीच हट्ट धरला की अण्णांनी जुने गेम दाखवायचे. अण्णा आधी नको म्हणाले. मग मुलं रोजच दारात येऊन बसायला लागली तेव्हा कबूल झाले, एका अटीवर. टेबल, खुर्ची, डबा, सगळं जसंच्या तसं पार्किंगमध्ये मांडायचं, इंचभर इकडचं तिकडं नको. दुपारची वेळ. लख्ख ऊन. गणपतीसमोर मांडामांड झाली, आरतीचा मोठा स्पीकर खेळाला जोडला. अण्णा दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून एखाद्या पुढाऱ्यासारखे आले आणि बसले. टीव्ही लागला. हाताची मागची बाजू काचेजवळ नेली.

"जिवंत हाय," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

छत्रीवाला निघाला. मुलांनी असला ठोकळ्याठोकळ्यांचा खेळ कधी बघितला नव्हता, तरी ती गुंगून गेली. अण्णा खेळता खेळता बोलत होते. "आता पिवळी भिंत. इथं थांबायचं. थांबायचं... हां." अर्धा खेळ झाला असेल. मागची मुलं पुढं सरकली, रेटारेटी झाली, कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि टीव्हीची पिन बोर्डातून निघाली. पडदा मिटला. खेळाचं मशीन मात्र दुसऱ्या बोर्डावर होतं. ते चालूच राहिलं आणि स्पीकरही वाजत राहिला.

मुलांनी अरेरे केलं. कुणीतरी पिन शोधायला खाली वाकलं. अण्णा थांबले नाहीत.

"आता तांबड्या कौलाचं घर," ते म्हणाले. "ह्याच्या मागनं कावळा येणार. डावीकडनं. बघा हं."

स्पीकरमधून टुक वाजलं. अण्णांचं बोट हललं. उडी बसल्याचा आवाज आला. मुलं आनंदानं ओरडली. काळ्या काचेत गणपतीच्या माळेचे दिवे आणि अण्णांचा चेहरा दिसत होता, आणि त्या काचेकडे तोंड करून अण्णा एकेक घर सांगत होते, एकेक कावळा चुकवत होते. कौतुकानं लोकांचे मोबाईल वर झाले. "न बघता खेळतायत रे अण्णा," कुणीतरी म्हणालं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. काय माणूस आहे, मनात म्हटलं, वायर निघाली ती संधी साधली आणि पोरांना जादू दाखवली.

शेवटी जिंकल्याची धून वाजली. अण्णांनी हात वर केले, गर्दीकडे वळले. चेहरा नुसता फुलला होता.

"बघितलासा इंद्रधनुष्य? सातीच्या साती रंग. असला रंग तुमच्या मोबाईलात दाखवा बघू."

माझे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजोबा, टीव्ही तर मघाशीच बंद पडलाय."

अण्णा वळले. हाताची मागची बाजू काचेजवळ नेली. मग काचेवर टेकवली. मग हात उलटा करून तळवा टेकवला. लव उभी राहिली नाही, चर्र वाजलं नाही. तो हात तिथंच राहिला आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"व्हय की," ते हसून म्हणाले. "गम्मत केली तुमची."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पुन्हा टाळ्या पडल्या, प्रसाद वाटला गेला. मी प्रसाद घेतला नाही. मी अण्णांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होते. तो टेबलाची कड शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. आदल्या रात्री मुलांनी सगळं सामान परत जागच्या जागी लावलं होतं. अण्णा खुर्चीत बसले होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं.

"अण्णा, किती दिसतंय?"

"काय?"

"किती दिसतंय तुम्हाला?"

त्यांनी खिडकीच्या दिशेनं हात केला. "उजेड कळतोय. खिडकी हिकडं हाय ते कळतंय. बास."

शिकवणारी बाई मी, रोज वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला फळा दिसतो का म्हणून विचारते. आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत आंधळा झाला होता.

"काचबिंदू," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, लई उशिरा आलासा. थेंब घालतोय, पण गेलेलं परत येत न्हाय म्हनं. भाकरी कशी कडंनं करपत येती, तसं. आधी कडा गेल्या. मधला एवढा तुकडा ऱ्हायलाता, लई दिवस त्याच्यावर चाललं. गेल्या थंडीत तो पण गेला."

कडा गेल्या. म्हणून भिंतभर टीव्ही नको होता. म्हणून वळलेली मूठ. म्हणून भरमाण्णांचं बाजूनं आलेलं फूल. म्हणून काळ्या भिंती, राखाडी अक्षरं, हरवणारा उंदीर, म्हणून "मोठ्यानं वाचा". मी मनात एकेक आठवत गेले. ती कुरकुर नव्हतीच. तो माणूस इतकी वर्षं रोज, जाता-येता, आम्हा सगळ्यांना सांगत होता की मला दिसेनासं झालंय, फक्त ते कंपन्यांच्या नावावर घालून सांगत होता.

"महेशला माहीत आहे?"

"न्हाय. आणि तुम्ही सांगायचं न्हाय." अण्णा पहिल्यांदाच घाबरल्यासारखे वाटले. "त्याला कळलं की तो मला न्हेणार. चांगलं पोरगं हाय ते, न्हेल्याशिवाय ऱ्हाणार न्हाय. बाई, हितं मला दिसतंय. किल्ली कुठं, गॅस कुठं, शांताचा फोटो कुठं, समदं दिसतंय. तिथं गेलो की मी आंधळा. कळलं काय?"

मला कळलं. काय करावं ते मात्र कळेना. ते गॅस पेटवतात कसे, रस्ता ओलांडतात कसे, या विचारानं मला धडकी भरली होती. सांगावं तर त्यांचं घर जाणार, न सांगावं तर एखाद्या दिवशी जीव जाणार. मी उद्यावर ढकललं. पण माझ्यावर वेळच आली नाही. 'अण्णांची कमाल, न बघता खेळ' म्हणून त्या दुपारचा व्हिडिओ आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरून कुठं कुठं फिरला. ज्या मोबाईलच्या नावानं अण्णांनी जन्मभर खडे फोडले, त्याच मोबाईलनं त्यांचं गुपित बेंगळुरूला पोचवलं. बाकीच्यांना त्यात कमाल दिसली. महेशनं बापाचा चेहरा बघितला.

तो सकाळच्या गाडीनं आला. मी अण्णांना चहा द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. महेश दारात येऊन उभा राहिला, बोलला नाही, मला खुणेनं गप्प केलं. त्यानं हळूच हात वर केला आणि बापासमोर हलवला. अण्णा तसेच बसलेले.

"कोण?" ते म्हणाले. "पेपरवाला काय?"

महेश तिथंच उंबऱ्यावर बसला. तोंडावर हात दाबून धरला होता, तरी आवाज फुटलाच. अण्णांनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं, ओळखलं, आणि दोन्ही हात पुढं केले. मी चहा ठेवून वर निघून आले.

बापलेकांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी अण्णांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "जातोय. पण अट घातलीय. अपडेट नको म्हटलंय." दोन दिवस महेश त्या खोलीत टेप घेऊन मापं काढत होता. दारापासून टेबल, टेबलापासून खिडकी, जमिनीपासून किल्लीचा खिळा.

जायच्या दिवशी कडोलीहून भरमाण्णा आले. मीच निरोप धाडला होता. ते आत आले, अण्णांच्या अगदी समोर उभे राहिले, त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला.

"परशा," ते म्हणाले, "मी भरमा."

"हाक मारायची न्हवं, त्या दिवशीच," अण्णा म्हणाले. मग दोघेही म्हातारे एकमेकांचा हात धरून, टेम्पो भरून होईपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर मी अण्णांना एकदाच भेटले. भाचीच्या लग्नाला बेंगळुरूला गेले होते, वाट वाकडी करून महेशकडे गेले. ढगात गेलेली इमारत, आणि लिफ्टला बटणंच नाहीत, गुळगुळीत काच. मला तिथंच अण्णांचा आवाज ऐकू यायला लागला. महेशनं दार उघडलं, मला आतल्या एका खोलीपर्यंत नेलं आणि तो बाजूला झाला. मी आत पाऊल टाकलं आणि थिजले.

मी टिळकवाडीत उभी होते. उजव्या हाताला खिळ्यावर किल्ली, कुठल्या कुलपाची कोण जाणे. चार पावलांवर टेबल, भिडवलेली खुर्ची, डावीकडे कॅसेटी, मधोमध डबा. अण्णा आवाजावरून ओळखून उठले, न चाचपडता माठापाशी गेले, माझ्यासाठी तांब्या भरून घेऊन आले.

"लिफ्ट बघितलासा?" ते म्हणाले. "नुसती काच. कुठं दाबायचं? वर परत ती इंग्लिशमध्ये बोलती. मी म्हेशला म्हटलं, त्यापेक्षा दोरी बांधून बादलीतनं सोडा मला."

तब्येत बरी दिसत होती. मला फार बरं वाटलं. थोडा वेळ गावच्या गप्पा झाल्या, भरमाण्णांचा रोज फोन येतो म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले.

"एकटा असलो की डबा लावत न्हाय. मला कशाला? नुसता आवाज बास. पण पाव्हणं आलं की लावतोय. बघणाऱ्याला तरी दिसाय पाहिजे."

त्यांनी बटण दाबलं. काचेवर चर्र वाजलं. हाताची मागची बाजू पुढं गेली, पांढरी लव उभी राहिली.

"जिवंत हाय," अण्णा म्हणाले.

मी पडद्याकडे बघितलं. पडदा काळा होता. त्याच्या मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक पांढरी रेघ थरथरत होती. बाकी काही नाही. ना कौलं, ना कावळे, ना छत्रीवाला. मी दचकून दाराकडे वळले. महेश तिथं उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, सांगू नका म्हणून. टेम्पोत कधीतरी डब्याला धक्का लागला असणार, आणि तेव्हापासून या घरात येणारा प्रत्येक पाहुणा या रेघेकडे बघत बसला असणार.

खेळाच्या मशीनला जोडलेल्या स्पीकरमधून ओळखीची धून सुरू झाली. टुक वाजलं, अण्णांचं बोट हललं.

"तांबडं कौल आलं न्हवं?"

"आलं, अण्णा."

"रंग कसा दिसतोय? खरं सांगा."

"झकास," मी म्हणाले. "सातीच्या साती."

"मग," अण्णा खूश होऊन म्हणाले, "नव्या टीव्हीत असला रंग न्हाय मिळत, बाई," आणि त्या पांढऱ्या रेघेकडे तोंड करून ते पुढचा कावळा यायची वाट बघू लागले.